धोका इंजिनात कमी, घाईत जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुलैत अलास्काला जायचं ठरलंय. शेवटचे चार दिवस एका तळ्याकाठच्या लॉजवर. तिथे रस्ता जात नाही, चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट लावलेल्या छोट्या विमानातूनच जावं लागतं. एक दिवस डेनाली पर्वताच्या हिमनदीवर उतरायचाही बेत आहे. घरच्यांनी अपघातांच्या बातम्या वाचल्या आणि सगळेच धास्तावले. धोका कितपत आहे, एकाच इंजिनाच्या विमानात बसणं वेडेपणा आहे का, निघण्याआधी काय पाहून घ्यावं, आणि पायलटशेजारची सीट मिळाली तर घ्यावी का?

मी तिथे नऊ उन्हाळे आणि तीन अख्खे हिवाळे ही विमानं चालवली. आधी सेसना 206, मग बीव्हर, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेसाठी सुपर कब. तेव्हा जे सांगतो ते तिथल्या अनुभवावरून.

जा. पण "अहो, गाडीतून जाण्यापेक्षा विमान सुरक्षित" हे वाक्य कुणी ऐकवलं तर ते इथे लागू नाही हे लक्षात ठेवा. ते मोठ्या प्रवासी जेटबद्दलचं आहे. अलास्कातल्या सुमारे 82 टक्के वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याबाहेर आहेत. तिथे छोटं विमान म्हणजे एसटी, रुग्णवाहिका, किराणा आणि टपाल सगळं एकच. एवढं उडणं, असल्या हवेत, असल्या जमिनीवर, म्हटल्यावर अपघात होतातच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, 2008 ते 2017 या काळाचा हिशेब मांडला होता. अलास्कातला अपघातांचा दर उरलेल्या देशाच्या 2.35 पट निघाला, पण प्राणघातक अपघातांचा दर 1.34 पट. या दोन आकड्यांमधलं अंतर घरच्यांना समजावून सांगा. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. तिथले पुष्कळ अपघात म्हणजे नदीपात्रातल्या गोट्यांवर उतरताना चाक अडकलं, विमान गर्रकन फिरलं, पंख घासला, नाकावर उभं राहिलं, अशा जातीचे. वेग इतका कमी असतो की माणसं दार उघडून शिव्या घालत बाहेर येतात. माझाही एक तसा आहे. ओल्या वाळूत डावं चाक रुतलं, प्रोपेलर वाकला, आणि मी दोन रात्री तंबूत काढल्या. कागदोपत्री तोही अपघातच.

माणसं मरतात ती वेगळ्या पद्धतीने. पण आधी इंजिनाचा मुद्दा संपवतो, कारण भीती तिथेच अडकलेली दिसते.

तुम्ही बहुधा बीव्हरमध्ये बसाल. डी हॅव्हिलँड कॅनडाचं हे विमान 1947 साली पहिल्यांदा उडालं, 1967 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. सोळाशेहून अधिक बनली. म्हणजे तुमचं विमान तुमच्या वडिलांच्या वयाचं असू शकतं. दचकू नका. इंजिनाचे तास मोजलेले असतात, ते भरले की ते उतरवून पूर्ण खोलून पुन्हा बांधतात. सांगाडाही वेळोवेळी उघडून तपासला जातो. पुढे साडेचारशे अश्वशक्तीचं गोल, नऊ सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं इंजिन असतं. ते तेल पितं, तेल गळतं, आणि चालत राहतं. तेल भरायचं तोंड चक्क कॉकपिटमध्ये आहे, उडता उडता ओतता येतं. ज्याने हे आखलं त्याला उणे तीस अंशात बाहेर उभं राहून तेल ओतणं काय असतं ते कुणीतरी नीट सांगितलं असणार.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर जीव घशाशी येईल. बीव्हरच्या पोटात इंधनाच्या तीन टाक्या असतात. काही पायलट एक टाकी पार रिकामी होईपर्यंत वापरतात. मग इंजिन एकदा खोकतं, पायलट हात पुढे करून खटका फिरवतो, इंजिन परत सुरळीत. तो प्रवाशांना सांगायला विसरला तर मागच्या सीटवर दोन-तीन सेकंद देवाचं नाव निघतं.

इंजिन बंद पडतच नाही असं नाही. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट, सौम्य हवेत जास्त, अगदी दहा-पंधरा अंशांतही. ड्रममधल्या इंधनात पाणी असतं, म्हणून आम्ही ते गाळून भरायचो आणि रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडं काढून काचेच्या नळीत पाहायचो. पण समजा इंजिन गेलंच, तर फ्लोटचं विमान तळ्यांच्या मुलखात तरंगत खाली येतं आणि बहुतेक वेळा खाली तळं असतं. सुपर कबसारखं विमान ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने जमिनीला टेकतं. तेवढ्या वेगाने झुडपांत घुसलं तर विमान जातं, माणूस बऱ्याचदा वाचतो. एक इंजिन म्हणजे वेडेपणा नाही.

आता खरी गोष्ट. माणसं मरतात ती चालू इंजिनाच्या, ठणठणीत विमानात, ढगात शिरून डोंगराला धडकून. किंवा ढगात शिरल्यावर तोल जाऊन. ही विमानं बहुतेक वेळा डोळ्यांनी बघून चालवली जातात. खिडकीबाहेरची क्षितिजरेषा गेली की कानातला तोल खोटं सांगायला लागतो. वळत असताना सरळ चाललोय असं वाटतं, सरळ असताना वळतोय असं. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवरून उडवायची सवय नसलेल्या वीस वैमानिकांवर याचा प्रयोग झाला होता. दिसणं बंद केल्यावर विसांपैकी एकालाही विमान सावरता आलं नाही, आणि ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ निघाला 178 सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. आज बऱ्याच पायलटांना उपकरणांवरून उडवता येतं, पण खिंडीत दोन्ही बाजूला खडक असताना ते कौशल्य उशिरा कामाला येतं.

मग शहाणीसुरती माणसं ढगात शिरतात कशी? एकदम कुणीच शिरत नाही. एक ऑगस्ट सांगतो. लेक क्लार्क खिंडीतून मी चार मासेमारांना परत आणत होतो. ही खिंड उंचीला जेमतेम हजार फुटांच्या आसपास, म्हणून ढग बरेच खाली आले तरी "जाता येतं". तीच तिची फसवणूक. त्या चौघांचं त्याच रात्री पुढचं विमान होतं. निघताना ढगांचं छत ठीक होतं. पहिल्या वळणावर थोडं खाली आलं, मीही थोडा खाली आलो. दुसऱ्या वळणावर पाऊस. पुढे पांढरं होतं, पण त्या पांढऱ्यात एक करडी फट दिसत होती, आणि मनात आलं की ही सर ओलांडली की पलीकडे मोकळं असेल. मागून कुणीतरी हेडसेटवर विचारलं, "होईल ना?" बस्स, एवढंच. दटावणी नाही, आग्रह नाही. मी आणखी एक वळण पुढे गेलो. ते वळण जायला नको होतं. नदी आता इतकी जवळ आली होती की काठावरच्या ओंडक्यांची साल दिसत होती. तिथून परत फिरलो आणि तळ्यावर जाऊन उतरलो. त्यांचं विमान चुकलं. त्यांतला एक गृहस्थ दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

फिरता आलं ते केवळ एका सवयीमुळे. दरीतून जाताना मधोमध उडायचं नाही, एका कडेला चिकटून उडायचं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाती राहते. आणि वेग आधीच कमी करायचा. पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वळणात ताशी 185 किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला उलट फिरायला सुमारे 540 मीटर रुंदी लागते. तेच 111 वर आणलं तर दोनशे मीटरपेक्षाही कमी पुरतात. घाबरलेला माणूस वेग वाढवतो, आणि दरी आपोआप अरुंद होते.

त्या दिवसापासून माझं ठाम मत झालंय की प्रवासी हे निव्वळ सामान नसतात. विमानात बसलेल्या घाईला वजन असतं. तुम्ही विचारलं काय पाहून घ्यावं, तर पहिलं हे पाहा की लॉजवरून परतायचा दिवस आणि घरी यायच्या मोठ्या विमानाचा दिवस यांत मोकळे दिवस किती आहेत. एक तरी हवाच, दोन असतील तर उत्तम. आणि विमानात चढण्याआधी पायलटला ऐकू जाईल असं म्हणा, "आज नाही जमलं तर उद्या जाऊ, आम्हाला घाई नाही." त्याच्या खांद्यावरून किती ओझं उतरतं ते तुम्हाला दिसणार नाही. लॉजवर पायलट पावसात बाकावर बसून कॉफी पीत असेल तर तो कामचुकार नाही, त्या वेळी तो त्याचं सर्वांत अवघड काम करत असतो.

हवेचा अंदाज तुम्हीही घेऊ शकता. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने 1999 पासून अलास्कात खिंडींच्या तोंडाशी, धावपट्ट्यांवर कॅमेरे बसवायला सुरुवात केली, आज त्यांची ठिकाणं दोनशेहून अधिक आहेत. चित्रं सगळ्यांना खुली आहेत. शेजारी स्वच्छ दिवसाचं चित्रही दिलेलं असतं, त्यामुळे कुठला डोंगर गायब झालाय ते नवख्यालाही कळतं. सकाळी ते बघा, म्हणजे पायलट "थांबू" म्हणाला की का म्हणाला हे विचारावं लागणार नाही.

दुसरी मारक गोष्ट म्हणजे खाली दिसणारा प्राणी. तिथे तिला मूसचं वळण म्हणतात, मूस म्हणजे तिथलं अवाढव्य हरीण. खाली मूस किंवा अस्वल दिसतं, प्रवासी म्हणतात अजून एक चक्कर, पायलट खाली येतो, वेग कमी करतो, वळण आवळतो आणि मान वळवून स्वतःही खाली बघतो. साठ अंशांच्या वळणात, उंची कायम ठेवायची तर, पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाला पंखांचा आधार सुटून विमान पडतं, म्हणजे स्टॉल होतं, तो वेग 41 टक्क्यांनी वाढतो. दोन हजार फुटांवर स्टॉल म्हणजे धडा, दोनशे फुटांवर स्टॉल म्हणजे शेवट. अस्वल बघायचंय तर लॉजवाल्याला सांगा, तो होडीने नेईल.

वजनाचं थोडक्यात. काट्यावर उभं करतील, बॅगही तोलतील, तेव्हा लाजू नका आणि दोन किलो कमी सांगू नका. वजन विचारलंच नाही तर मात्र मला काळजी वाटेल. 2023 च्या सप्टेंबरात पश्चिम अलास्कात एक सुपर कब शिकारीचं मांस नेत असताना उड्डाण घेताच कोसळलं, अनुभवी पायलट गेला. विमान ठरलेल्या वजनाच्या वर भरलेलं होतं आणि पंखाच्या आधारदांड्याला मूसची शिंगं बांधलेली होती. त्यात डोंगराच्या आडोशाचा खाली दाबणारा वारा. त्याच दिवशी आधीची एक खेप सुखरूप झाली होती. मला त्यातलं हेच सर्वांत भयंकर वाटतं. एकदा जमलं की तेच माप होऊन बसतं.

पाणी आणि बर्फ, दोन्ही ठिकाणी फसवतो तो सपाटपणा. तळं आरशासारखं स्थिर असलं की फोटो सुंदर येतात, पण पायलटला पाणी किती खाली आहे ते कळत नाही. तो काठाला धरून, नाक जरासं वर ठेवून, मिनिटाला दीडशे फुटांच्या बेताने हळूहळू खाली येत राहतो आणि पाणी लागेपर्यंत काहीही बदलत नाही. हे उतरणं लांबतं. तुम्हाला वाटेल हा विसरला की काय. बोलू नका त्या वेळी.

फ्लोटविमान उलटलं तर लोक माराने कमी आणि आत अडकून बुडून जास्त जातात. म्हणून तीन गोष्टी. लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, पण विमानाच्या आत असताना फुगवू नका, नाहीतर छताला चिकटाल आणि दारातून खाली बुडी मारता येणार नाही. बसल्यावर दाराची मूठ डोळे मिटून दोनदा शोधून पाहा. आणि उलटल्यावर आधी एका हाताने दार किंवा खिडकीची कड घट्ट धरा, पट्टा मग सोडा. आधी पट्टा सोडला तर वर कुठे आणि खाली कुठे तेच उमगत नाही.

हिमनदीचं म्हणाल तर टॉकीटना गावाहून जाणारे पायलट हे रोज करतात. चढावर उतरतात, उतारावरून उडतात. ढगाळ दिवशी बर्फ आणि आकाश एकाच रंगाचं होतं, सावली उरत नाही, आणि उंची समजेनाशी होते. जुन्या काळी अशा वेळी वरून झाडाच्या फांद्या टाकत, म्हणजे डोळ्याला धरायला काहीतरी मिळे. ढगाळ दिवशी तुमची हिमनदीची फेरी रद्द झाली तर हळहळा, पण भांडू नका.

आता पडल्यानंतरचं, कारण वाचणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 16 ऑक्टोबर 1972 ला अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, अँकरेजहून जुनोला निघाले. सेसना 310, विमानात चौघे. 39 दिवस शोध चालला. आजतागायत काही सापडलेलं नाही. धडकेनंतर आपोआप संदेश पाठवणारं यंत्र विमानांत सक्तीचं होण्यामागे ही घटनाही होती. पण यंत्रावर विसंबू नये. ऑगस्ट 2010 मध्ये माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ज्या ऑटर विमानात होते ते डिलिंगहॅमजवळ डोंगरावर आदळलं. नऊपैकी पाच गेले, चार वाचले. संदेशयंत्र सुरू झालं होतं, पण धक्क्याने जागेवरून निसटलं आणि अँटेनापासून तुटलं. मंडळी मासेमारीच्या तळावर पोचली का अशी चौकशी झाली तेव्हा ती पोचलीच नाहीत हे कळलं, आणि मग इतर पायलट शोधायला उडाले.

म्हणून दोन कामं. कुणातरी एका माणसाला वेळ सांगून ठेवा: अमुक वाजेपर्यंत निरोप नाही आला तर अमुक नंबरला फोन कर. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं खिशात मावणारं यंत्र भाड्याने घ्या. खिशात म्हणजे खिशातच, बॅगेत नाही. लायटर, शिट्टी, चाकू यांचंही तेच. विमान जळालं किंवा बुडालं तर अंगावर असेल तेवढंच आपलं. मी उडवायचो तेव्हा अलास्काच्या कायद्याप्रमाणे विमानात प्रत्येकासाठी आठवड्याचं अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, गळ-दोरी, आग पेटवायचं साहित्य, इशाऱ्याची साधनं आणि दर माणशी डासांची तोंडजाळी लागायची. तोंडजाळीला मी पहिल्या वर्षी हसलो होतो. त्या वाळूतल्या दोन रात्रींत हसू गेलं.

जिवंत राहिलात तर विमान सोडू नका. वरून माणूस दिसत नाही, विमान दिसतं. नियमाला अपवाद असतात. 2023 मध्ये कोलंबियाच्या ॲमेझॉनमध्ये सेसना 206 पडलं, तिन्ही मोठी माणसं गेली, आणि चार मुलं जंगलात चाळीस दिवस काढून जिवंत सापडली. थोरली तेरा वर्षांची, धाकटं तान्हं. पण ती त्याच जंगलातली मुलं होती, काय खायचं ते त्यांना घरून ठाऊक होतं. तुम्हाआम्हाला नाही.

विमान कंपनी निवडताना एक फरक ओळखा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या परवानाधारक एअर टॅक्सीला तिथे पार्ट 135 नावाचे नियम लागतात: पायलटच्या चाचण्या, कामाच्या तासांची मर्यादा, विमानाच्या कडक तपासण्या. "आमच्या ओळखीचा एक आहे, त्याचं स्वतःचं विमान आहे" हे त्यात बसत नाही. तो माणूस उत्तम असेलही. तरी लॉजला स्पष्ट विचारा की तुम्हाला नेणारं उड्डाण कुठल्या नियमांखाली आहे. पायलटला "तुमचे किती तास झाले?" हे सगळेच विचारतात, त्याने फारसं कळत नाही. विचारायचंच असेल तर हे विचारा: "यंदा वाटेतून परत कधी फिरलात?" ज्याला लगेच दोन-तीन प्रसंग आठवतात आणि सांगताना ओशाळल्यासारखं होत नाही, त्याच्या मागे खुशाल बसा. "मी कधीच परत फिरत नाही" असं कुणी छाती काढून म्हणालं तर त्या दिवशी पोट बिघडलंय म्हणून सांगा.

राहिली पुढची सीट. मिळाली तर जरूर घ्या. पाय मागे ओढून बसा, खालच्या पेडलांवर टेकवू नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आखूड ठेवा, स्टिअरिंगमध्ये अडकू देऊ नका. आणि डोळे बाहेर ठेवा, फोनच्या पडद्यात नव्हे. 2019 च्या मे महिन्यात केचिकनजवळ पर्यटकांची दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळून सहा जण गेले, 2020 च्या जुलैत सोल्डोटनाजवळ सात. दोन्ही वेळा हवा चांगली होती. दुसरं विमान दिसलं तर घड्याळाच्या काट्यांनी दिशा सांगा, नाकासमोर बारा वाजले असं धरून. "दहा वाजता, आपल्यापेक्षा जरा खाली." एवढं पुरतं. त्याला ते आधीच दिसलेलं असेल, तरी तो चिडणार नाही.